‘पुरे’ कोण म्हणालं?

साच्याच्या पावडरीच्या पुडीवर ‘थंड पाण्यात कालवा’ असं लिहिलं होतं. मी फ्रीजमधली बाटली ओतली... साधं माठातलं चाललं असतं. चित्रकलेचा मास्तर मी, आणि मला पाण्याचं एवढं कळू नये!

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कसा असेल? कमी बजेटच्या पिक्चरवाल्यांना भुतं मीच बनवून देतो — जखमा, भाजलेली कातडी, प्रेतं. जे दुसऱ्याला लावायचं ते आदल्या दिवशी माझ्या हाताला लावून बघतो. सेफ्टीवर एवढी लेक्चरं झोडतो, म्हणूनच हे लिहायची लाज वाटते.

यावेळी पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये प्रेत हवं होतं. जिवंत माणसाला त्या गारठ्यात किती वेळ निजवणार? म्हणून चेहऱ्याचा साचा घेऊन मुखवटा करायचं ठरलं. चेहरा माझ्या मेव्हण्याचा — चांदवडचा सतीश, नटायची भारी हौस. बायकोने बजावलं होतं, “एकच भाऊ आहे मला. जपून.”

नाशिक रोडला आमच्या सोसायटीची तळमजल्यावरची खोली, दुपारचे तीन. सतीशला टेबलावर निजवलं. भुवयांना व्हॅसलीन, मग त्या पुडीचा लगदा, दातांचं माप घ्यायला डॉक्टर वापरतात तो, वर प्लास्टरच्या पट्ट्या. मोकळ्या फक्त नाकपुड्या. त्यांच्यावर नजर ठेवायला दिग्दर्शक उभा.

“दाजी, लय गार हाय!” सतीश एवढंच म्हणाला आणि मी त्याचे ओठ झाकले.

“मी गोष्ट सांगतो, तू हुंकार दे. हुंकार थांबला की साचा काढला.”

आमच्या लग्नात लहानग्या सतीशने माझे बूट लपवले होते, ती गोष्ट सुरू केली. हं... हं... दिग्दर्शक फोन घ्यायला बाहेर गेला. मी रंगात आलेलो. हात धुवायला बेसिनकडे वळलो, तोंड चालूच—

“पुरे!”

अगदी कानाशी. वैतागलेलं. बाईचं की बाप्याचं, आजही सांगता येत नाही.

वळून पाहिलं तर खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नाही. सतीशचा हात टेबलाखाली लोंबत होता. हुंकार कधी थांबला, मला पत्ताच नव्हता! फ्रीजच्या अतिगार पाण्याने लगदा वेळेवर घट्टच झाला नव्हता... ओघळून दोन्ही नाकपुड्या भरल्या होत्या.

साचा ओढला. निघेना. हनुवटीखाली नखं घातली, पुन्हा ओढला. “सतीश! बोल रे! तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू मी?” साचा निघाला. ओठ निळे. नाकात बोट घालून लगदा काढला, छाती चोळली, गालावर थापट्या मारल्या. देवाला नवस बोललो — कुठल्या, ते आठवत नाही.

मग तो खोकला.

“दाजी... बूट सापडले का?”

सकाळपासून उपाशी होता, म्हणून श्वास कोंडताच धडपड न करता भोवळ आली होती. गोष्टीतलं बूट लपवल्यापर्यंतचंच त्याला आठवत होतं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. “पुरे तू म्हणालास?” असं विचारलं, तर म्हणाला, “तोंड उघडत व्हतं का?” खरंच, साच्यात ओठ घट्ट मिटलेले आहेत. कुठे चीर नाही. दिग्दर्शक तेव्हा गेटपाशी होता. साचा अजून कपाटावर आहे, आणि उत्तर अजून नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. आधी ती भावाशी फोनवर रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

“आवाज कुणाचा ते राहू द्या,” ती म्हणाली. “चोवीस वर्षं मी ‘पुरे’ म्हणतेय. तुम्ही आज थांबलात कसे, ते सांगा.”