कुलपाची दुसरी टिक

किल्लीकाकूंच्या आणि आमच्या घरात भिंत एकच, आणि तीही अशी की त्यांना ठसका लागला तर पाणी मी पिते. काकूंनी जन्मभर हॉस्पिटलच्या औषधखोलीच्या किल्ल्या सांभाळल्या. नोकरी संपली, पण गळ्यातली दोरी गेली नाही. आता तिच्यात घराची किल्ली लोंबते. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तर असेल.

औषधखोलीची शिस्त त्यांनी घरी आणली. किल्ली दोनदा फिरवायची, दोन टिक ऐकायच्या, मग हँडल ओढून बघायचं. दिवस कलला की भिंतीपलीकडून टिक, टिक. त्यावर आमच्याकडे चहाचं आधण चढतं.

भित्र्या म्हटलं तर त्यांना राग येतो, आणि सावध म्हटलं तर मला हसू येतं. एकदा दोरीवर वाळणाऱ्या स्वतःच्याच कोटाला बघून त्यांनी पोलिस बोलावले, आणि एकदा फ्रीज घरघरला म्हणून. दुसऱ्या वेळी परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलाने निक्षून सांगितलं की अजून एकदा असं झालं तर या घराला टाळं आणि आईची रवानगी त्याच्याकडे. मुलगा गुणी आहे हो. पण तेव्हापासून काकूंना चोरापेक्षा त्याचीच धास्ती जास्त. मला म्हणाल्या होत्या, “त्याच्याकडे मला सगळं मिळेल गं. फक्त दार माझं नसेल.”

तर यंदा नाताळला मुलगा येणार होता, नातीला घेऊन. नातीने फोनवर विचारलं, आजी, तुझ्या दारावर पानांचं गोल कडं लावलंस का? गल्लीत दारोदारी हिरवी कडी लटकत होती, काकूंचं दार तेवढं बोडकं. झालं, फुलवाल्याकडे जायचं ठरलं. करमणूक फुकट होती, मीही गेले.

फुलवाला बिचारा समजावून सांगायला लागला. ताज्या फर झाडाच्या डहाळ्यांचं कडं घमघमतं, पण उबदार घरात आत टांगलं तर चार दिवसांत सुयांसारखी पानं गळतात. बाहेर गारव्यात छान टिकतं. प्लॅस्टिकचं वर्षानुवर्षं चालतं, पण जवळून बघितलं की बाटली घासायच्या ब्रशसारखं दिसतं. दाराच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सुटेल एवढंच घ्यावं, नाहीतर दाराने मफलर गुंडाळल्यासारखं होतं.

काकूंचा हिशेब वेगळाच. लाल फळांचं नको, नात तोंडात घालेल. मेणबत्तीचं नको, घर पेटेल. मधलं भोक ऐसपैस हवं, दारातल्या भिंगातून बाहेरचा माणूस दिसायला हवा. शेवटी पाइनची सुकी फळं बांधलेलं एक ताजं कडं पसंत पडलं. फुलवाला म्हणाला, आता दारात एक खिळा ठोका की झालं.

काकू पांढऱ्या पडल्या. खिळा म्हणजे भोक, भोक म्हणजे दार कच्चं. मग त्याने दाराच्या माथ्यावरून अडकवायचे दोन प्रकार दाखवले, रिबीन आणि लोखंडी पट्टीचा हुक. रिबीन कोणीही कापेल म्हणून काकूंनी त्यातल्या त्यात जाड हुक निवडला.

“काकू, कडं कोण चोरणार आहे?” फुलवाला हसला.

“चोरी व्हायच्या आधी सगळे हेच विचारतात,” काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कडं काकूंच्या दारावर चढलं, आणि मी चहाचं भांडं हातात घेऊन उभी. टिक. मग काहीच नाही. पुन्हा टिक, पुन्हा शांतता. मग जड खुर्ची सरकवल्याचा आवाज.

सकाळी काकूंनी मला आत ओढलं. डोळे सुजलेले. म्हणाल्या, कुलपात कोणीतरी हात घातलाय, किल्ली दुसरा फेरा घेत नाही. वरची कडीही बसत नव्हती. कुलूपवाल्याला बोलवा म्हटलं, तर माझं मनगट धरलं. तो गल्लीभर सांगेल, मुलाच्या कानावर जाईल. उद्या तर तो येणार. “तू कोणाला बोलायचं नाहीस, भवाने. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, पण हे ठेव.”

मला! म्हणजे पाणी चाळणीत ठेवायला दिल्यासारखं. पण त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि मला एकही विनोद सुचेना.

अंधार पडताना मी त्यांच्याकडेच बसले. वारा सुटला होता. दाराला आतून लावलेला जाड पडदा आपोआप फुगला, पुन्हा बसला. आणि दारावर टकटक झाली.

काकू पडदा जरासा सारून भिंगाला डोळा लावून राहिल्या. “कोणी नाही,” त्या पुटपुटल्या. तोच पुन्हा टकटक, त्यांच्या नाकासमोर. मी बघितलं. पानांच्या कड्यातून रिकामा रस्ता दिसत होता. दार बोटभर आत आलं आणि खुर्चीला टेकलं. मी फोन उचलला.

“ठेव तो,” काकू म्हणाल्या. “पोलिस आले की मी या घरातून गेले.”

मग त्या बाईने खुर्ची बाजूला केली. ओठ निळे, एका हातात किल्ली सुरीसारखी धरलेली. पडदा पूर्ण ओढला आणि दार सताड उघडलं.

बाहेर वारा, आणि वाऱ्याने हलणारं कडं. पाइनची फळं लाकडावर आपटत होती, टक टक.

मी खुर्चीत कोसळले. काकूंनी मात्र दार लोटून पाहिलं. ते पुरतं बसेना. त्यांनी मान वर केली. चौकटीचा रंग जिथे ताजा खरवडला होता, तिथे तो जाड हुक दार आणि चौकट यांच्यात पाचरीसारखा बसला होता. पडद्यामागे आतून तो दिसलाच नव्हता.

“माझं दार मीच उघडं ठेवलं,” त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

मी हुक काढला, माझ्या जुन्या पडद्याची रिबीन कड्यातून ओवून दारावरून घेतली आणि आतून गाठ मारली. टिक, टिक. काकूंनी हँडल ओढून बघितलं. मग पुन्हा एकदा ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी नात सामानाची पिशवी घेऊन आधीच आत पळाली. मुलगा बाहेर पायरीवर मला गाठून म्हणाला, “ताई, तुम्ही खरं सांगाल. आई पुन्हा घाबरली होती का?”

दार त्याच्या पाठीमागे लोटलेलं. कड्याच्या मधोमध भिंगाचा ठिपका एकदम काळा झाला. पलीकडे कोणाचा डोळा होता, ते मला सांगायची गरज नव्हती.

“काल वाऱ्याने टकटक झाली,” मी म्हटलं, “तेव्हा फोनकडे धावले ती मी. दार उघडलं तुमच्या आईने.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. “आईने? दार उघडलं?”

ठिपका पुन्हा उजळला; काकूंना हवं ते ऐकून झालं होतं.