मुक्ताच्या पिशवीचा गोंडा

सांगलीहून नाशिकला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पक्षी होते. माझी मुलगी मुक्ता जूनमध्ये शिकायला हॉस्टेलवर जाणार. त्याआधी आमची पुन्हा गट्टी जमावी, एवढीच माझी इच्छा. आठवीत तिला पक्ष्यांचं वेड होतं, म्हणून मी महिनाभर चोरून पक्ष्यांची नावं पाठ करत होतो.

एसटीत बसल्यापासून बाईसाहेबांच्या कानांवर हेडफोन. पिशवीला केसाळ गोंडा लटकलेला. एवढी घोडी झाली आणि अजून खेळणी!

नाशकात मिसळ खाल्ली. इथे सोबत पापडही देतात. तोही ती हेडफोन लावूनच कुरकुर चावत होती.

"जेवताना तरी काढ ते!"

"बाबा, हळू बोला की."

मी रुसलो, पण पापड संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य गाठलं. द्राक्षबागा मागे पडल्या आणि धरणाचं पसरट पाणी दिसलं. गावातले रामदासभाऊ वाट दाखवायला आले. मी टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात मुक्ताशी त्यांच्या गप्पाही रंगल्या. "औंदा परदेशी पाव्हणे लय आलेत पाण्यावर," ते म्हणाले.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलो आणि मला लगेच ओळखीचा पक्षी सापडला.

"मुक्ता, जांभळी पाणकोंबडी!"

सगळा थवा फडफडत उडाला. रामदासभाऊंनी कपाळाला हात लावला. "सायेब, लय मोठा आवाज हाय तुमचा. पोरीचं रेकॉर्डिंग नासलं ना!"

तेव्हा पाहिलं. पिशवीचा गोंडा कठड्यावरच्या छोट्या माइकवर चढवलेला होता.

"वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून असतो तो," मुक्ता म्हणाली. "मी आवाज जमवते, बाबा. दोन वर्षं झाली. कालचा पापडही घेतलाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही अजून पक्ष्यांवरच आहात."

रामदासभाऊंना चहा होईस्तोवर कळलं, ते मला घरात राहून कळलं नव्हतं. वाईट वाटलं, फार वाटलं.

"मग आता ऐकव की," मी म्हणालो.

तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. थवा परत पाण्यावर उतरत होता. लांब बागेत बायका हसत होत्या. मी तोंड मिटून ऐकत राहिलो, आणि मुक्ता माझ्याकडे बघत राहिली.

परतीच्या एसटीत ती बिघडलेली रेकॉर्डिंगं काढून टाकत होती. एकात माझी पाणकोंबडी किंचाळली.

"ते आधी पुसून टाक," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "हॉस्टेलवर लागेल मला."