चावडीच्या भिंतीतला दगड
दगडावर नसलेलं नाव मी एकदा वाचून दाखवलं होतं. तिसरी पास झाल्यामुळे तेव्हा मी स्वतःला मोठी पंडिता समजत असे! लोणावळ्याहून वडिलांबरोबर लोहगड बघायला निघाले होते. वाटेतल्या गावी चावडीच्या भिंतीत जर्मन लढाईचा, म्हणजे पहिल्या महायुद्धाचा, कोरीव दगड नवाच बसवला होता. गावातले किती गेले, किती मेले, एवढाच मजकूर. ठसठशीत कुंकवाची एक बाई भीतभीत जवळ आली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून सोबतच्या शेजारणीकडून ते वदवून म्हणाली, "बाय, लढाईवर गेल्यालं आमचं धनी अजून आलं न्हाईती. ह्यात हायती का, बघ की." तिच्या लेखी ती मेलेल्यांची यादी होती. मला शहाणीला वाटलं, दगडावर नाव म्हणजे केवढा मान! ऐटीत एका शब्दावर बोट ठेवून म्हटलं, "आहेत ना, हे काय!" ती मटकन खाली बसली आणि पदरानं कुंकू पुसू लागली. माझी सगळी ऐट गळाली. रडत म्हटलं, "मावशी, मी खोटं बोलले. इथं कुणाचंच नाव नाही." पुसलेलं कपाळ वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी आता पुन्ना वाट बघाय लावतीस व्हय गं?"