गल्लीतल्या पाच फळ्या

ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरापासून सायकलरिक्षा मिळते त्या रस्त्यापर्यंत, गल्लीत पाच दुकानांपुढे लाकडी फळ्या होत्या. त्यांवर माल असे, गिऱ्हाइकं बसत, आणि बँकेत निघालेली मी एखाद्या फळीला गुडघा आपटून घेई. माझ्या वहीतल्या कामांच्या यादीत ‘फळ्या – अर्ज’ बरेच दिवस होतं. एका रविवारी महापालिकेला अर्ज लिहिला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. महिन्याभरात फळ्या गेल्या. मी त्या ओळीवर काट मारली.

त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, वाचनालयात जाणं थांबवलं. थंडीमुळे असेल, असं मला वाटलं. पण फाल्गुन आला तरी ते खिडकीशीच. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे तर कित्येक वर्षं दुखत होते.

“मग इतके दिवस कसे जात होता?”

“पुस्तकवाल्याकडे टेकायचं, मग शिंप्याकडे...” करत कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्यापर्यंत त्यांनी पाच बोटं मोजली.

अर्ज मीच केला होता, हे त्यांना ठाऊक होतं. रस्ता, रिक्षा, वाचनालय, सगळं जागच्या जागी होतं. मधलं टेकणं तेवढं मी काढून घेतलं होतं.

बसायची सोय असलेली काठी आणली. त्यांनी ती उघडली, मिटली. “हिच्यावर बसलो तर ‘कहिए मास्टरजी’ कोण म्हणणार?”

मग पाचही दुकानं गाठली. प्रत्येकाने सकाळी एक स्टूल बाहेर ठेवावं, एवढंच मागितलं. चौघांनी हसत लगेच स्टूल बाहेर काढलं. बांगडीवाला मात्र बघत राहिला.

“पहले हटवाइए, फिर लगवाइए. अबकी भी दस्तखत लाई हैं, बहूजी?”

“नहीं, भैया.”

त्याने स्टूल बाहेर ठेवलं. “तो पहले आप बैठिए. इतने बरस में एक दिन नहीं बैठीं.”

मी घड्याळ बघत बसले. त्याने पाणी दिलं, मुलीच्या सासरचं सांगायला घेतलं. ते संपायच्या आत मामंजी आधीच्या स्टुलांवर टेकत, भिंतीला हात लावत येताना दिसले. मी उठून जागा दिली.

“तू कुठे निघालीस?” त्यांनी बसत विचारलं.

बांगडीवाल्याने आतून दुसरं स्टूल आणलं. तेवढ्यात एक दूधवाला सायकल रेटत आला, “जरा बच के.” मी गुडघे आत घेतले.