दुसरी तार

बाबा पोफळींच्या कुळागरात घसरून पडले आणि मांडीचे हाड मोडून खाटेवर आले. नार्वे गावातल्या घरात ते आणि आई, दोघेच. आईला ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून कळते. बाबांनी हाक मारली की शेजारी धावत यायचे आणि आई स्वयंपाकघरात शांतपणे नारळ किसत बसलेली असायची. "तिला मी नकोसा झालोय," असे बाबा म्हणू लागले, तेव्हा माझे डोकेच फिरले.

मी साखळीच्या बाजारातून तीन सेल, टॉर्चचा बल्ब, बेलचे बटण आणि लाल तार आणली. सेल आणि बटण बाबांच्या उशाशी, बल्ब चुलीच्या वर. एक तार सेलपासून बटणातून बल्बपर्यंत, दुसरी बल्बपासून परत सेलपर्यंत.

"दोन कशाला गो?" जन्मभर पोफळींना पाणी सोडलेल्या बाबांनी विचारले. "पाटाचे पाणी मुळाशी पोचले की झाले. ते परत कोण आणतो?"

"हे पाणी नव्हे, बाबा. वीज सेलमधून निघून परत सेलमध्ये पोचली तरच बल्ब पेटतो."

"भारीच नखरे तुझ्या विजेचे!"

पण बटण दाबले, बल्ब पेटला, आई पदराला हात पुसत आली आणि दोघेही खुळ्यासारखे हसले. मला काय बरे वाटले म्हणून सांगू!

चवथीच्या आदल्या दिवशी मी फळे घेऊन गेले, तर दोघांची तोंडे फुगलेली.

"कालपासून दाबतोय. बघूनही येत नाही," बाबा म्हणाले.

आईचे डोळे भरलेले. "दिवा पेटतच नाही. समोर गेले तर बोलत नाहीत. मी नकोच आहे त्यांना."

मी तारेमागून गेले. दुसरी तार गायब! वर बघते तो काय, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीला नारळांची जोडी त्याच लाल तारेने बांधलेली.

"आई, हे काय केलेस?" मी तार दाखवून ओरडले.

"एक ठेवलीय ना, दिव्याकडे येते ती! दुसरी उगाच लोंबत होती."

कपाळाला हात लावून मी नारळ सुंभाने बांधले आणि तार जोडली.

"दाबा, बाबा."

"राहू दे. ती कुठली येतेय!" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"दाबा म्हणते ना!"

त्यांनी दाबले. आई खोबऱ्याने माखलेल्या हातांनी तशीच धावत आली.

"काय हवे?"

बाबा नुसते तिच्याकडे बघत राहिले.

"सोडा आता ते बटण. आले ना मी."

बाबांनी सोडले नाही. स्वयंपाकघरात कोणी नव्हते, तरी बल्ब पेटलेलाच होता.