हत्तीच्या पोटाखालून

मागच्या आठवड्यात आखाडा बाळापूरला ताईकडे गेलो होतो. त्याच दिवशी गावात हत्ती आला...

मी प्राणिसंग्रहालयात हत्तींकडे कामाला आहे. परराज्यात आमच्यासाठी आठवडाभराचं ट्रेनिंग होतं. ते संपवून कामावर रुजू होण्याआधी सुटी घेतली होती.

ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस आणि हत्ती यांच्या मधे कायम लोखंडी गज. अंकुश नाही, साखळी नाही. हत्तिणीने आपण होऊन गजांच्या फटीतून पाय पुढे करायचा, आपण नखं घासायची, मग ऊस द्यायचा.

माझी पाळी आली तेव्हा ती लांब भिंतीपाशी उभी होती. मी हाक मारली, थांबलो, पुन्हा हाक मारली... आली नाही. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नाही म्हणाली. चला, चहा घेऊ." तसं न चिडता निघून जाणं जमायला मला वेळ लागला.

तर, बाळापूर. रस्त्याच्या कडेला डांबरावर हत्तीण उभी. कपाळावर रंग, पाठीवर झूल, शेजारी माहूत. समोर बायांची रांग, प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. दचकणारं लेकरू हत्तीच्या पोटाखालून काढलं की त्याची भीती जाते, असं आमच्याकडे मानतात.

ताईचा मुलगा तीन वर्षांचा आहे. मध्यंतरी त्याच्या अंगावर कुत्रं धावून आलं, तेव्हापासून झोपेतून दचकून उठतो आणि रडत राहतो. ताईलाही झोप नाही. हत्ती दिसला तशा तिच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, मला म्हणाल्या, "मामा, तुमी तर हत्तीचं शिकूनच आले. तुमीच काढा लेकराला."

मी नको म्हणालो. अनोळखी जनावर, गर्दी, ऊन... कारणं सांगितली.

"काहून? सरकारनं भ्यायचं ट्रेनिंग दिलं का तुमाला?" मावशी म्हणाल्या. रांगेत हसू पिकलं. मागून एकजण म्हणाली, "पगार घिऊन भेतेत, माय!"

प्रश्न बरोबर होता. भ्यायचंच शिकवलं होतं... कशाला, आणि कधी.

उन्हात हत्तीचे कान सारखे हलत असतात. हिचे थांबले होते. तोंडातला ऊस ती चावत नव्हती, नुसता धरून होती. मागचा एक पाय डांबरावरून उचलत होती, टेकवत होती, पुन्हा उचलत होती.

"ऱ्हाऊ द्या, मीच काढते," म्हणत मावशींनी ताईच्या कडेवरून लेकरू घेतलं. मावशींचे गुडघे गेलेले आहेत. खाली वाकल्या तर उठवायला माणूस लागतं. ताई माझ्याकडे बघत राहिली. लेकराला झोप लागावी असं तिला वाटत होतं, आणि लेकराला काही होऊ नये असंही.

मी लेकरू घेतलं आणि ताईकडे दिलं. "मावशी, आधी मी एकटा जातो. तिला विचारतो."

"इचारा. पण लवकर... ऊन तापून राहिलं."

सोंड पोचणार नाही इतक्या अंतरावर, तिला दिसेन असा उभा राहिलो. हळू आवाजात बोललो. थांबलो.

"ओ मामा, मुहूर्त पाहून राहिले का?" रांगेतून आवाज आला. एव्हाना मी सगळ्यांचाच मामा झालो होतो. माहूत म्हणाला, "अरे साहब, गाय है गाय." आणि त्याने अंकुश तिच्या कानामागे नेला. मी म्हटलं, "मत लगाओ." त्याने हात खाली घेतला. का घेतला, माहीत नाही.

कान हलले नाहीत. तिने सोंड आत वळवून घेतली आणि ती एक पाऊल मागे गेली... माझ्यापासून लांब.

मी परत आलो. ताईने विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणाली."

आता सगळे हसतील असं वाटलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी हत्तिणीकडे बघितलं, हात जोडले. "गणपती न्हाई म्हणला, तर न्हाई. चल गं." मग रांगेकडे वळून, "ए बायांनो, आज कौल न्हाई. काहून उभ्या राहिल्या उन्हात?"

आधी एक बाई निघाली, मग दुसरी. माझी कारणं ज्यांनी ऐकली नव्हती, त्यांनी हे ऐकलं. रांग मोडली.

"धंदा बिठा दिया, साहब," माहूत म्हणाला. आवाजात राग नव्हता. रस्त्यापलीकडे लिंबाची सावली होती, तिकडे तो तिला घेऊन गेला. समोरच्या हॉटेलवाल्याने पाण्याचा पाइप सोडला. थोड्या वेळाने ती ऊस चावायला लागली.

मावशींना मी काही समजावलं नाही. मी सांगितलं ते खरं होतं. त्यांनी ऐकलं ते वेगळं होतं... आणि लेकरू सुखरूप घरी आलं.

ते अजून दचकतं. परवा ताई फोनवर बोलली तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. नांदेडला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. मावशीही सोबत जाणार आहेत.

आभार कोणाचे मानावेत, ते ठरत नाही. म्हणून हत्तिणीचेच मानतो. एवढ्या गर्दीत, अंकुशाच्या शेजारी उभं राहून, तिने ते एक पाऊल मागे घेतलं.