उघडा भाव

बसाप्पाअण्णांची गुळाची अडत माझ्या अडतीच्या दुकानाला लागून होती. शेतकऱ्यांचा गूळ ते विकून देत. भाव ठरायचा रुमालाखाली. खरेदीदार अण्णांचा हात रुमालानं झाकून बोटं दाबायचा, त्या खुणांवर सौदा व्हायचा आणि गुळाचा मालक नुसता तोंडाकडं बघत उभा असायचा. अण्णांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. "धंदा बोटांनी करायचा, तोंड जेवायला हाय," असं ते म्हणत. मला ते तम्मा म्हणत. कानडीत धाकटा भाऊ.

एका हंगामात त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट टोकाला सुजलं. नखुरडं समजून वैनींनी पोटीस बांधलं. उतार पडेना, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी चिरा दिला. पू निघालाच नाही, नुसतं रक्त आलं. तरी अण्णा बाजारात येत. रुमाल पडला की त्यांच्या कपाळावर घाम डवरे.

शेवटी मीच त्यांना मिरजेला नेलं. फोटोत बोटाच्या टोकाचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी खोकल्याची चौकशी केली. बिडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच, असं अण्णांनी सांगितलं. मग छातीचा फोटो निघाला. रोग मूळचा फुप्फुसातला, कॅन्सर. तिथून बोटात उतरलेला. असं फार क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. बोट काढलं तर कळ थांबेल, आजार थांबणार नाही.

परतताना अण्णा म्हणाले, "छातीनं काय बी सांगितलं न्हाय, तम्मा. बोटानं सांगितलं."

बोट काढल्यावर ते पुन्हा बाजारात आले. व्यापारी म्हणाले, डावा हात द्या. अण्णांनी दिला नाही. भाव तोंडानं बोला, म्हणाले. सगळे हसले, मग चिडले. मी त्यांना बाजूला घेऊन समजावायला लागलो, तेव्हा ते हळू आवाजात बोलले.

"बोट दाबलं की जीव जायचा. लवकर सुटावं म्हणून कमी भावाला मान हलवली मी. कुणाला कळलं? रुमालाखाली माझं दुखणं बी झाकलं आणि शेतकऱ्यांचं नुकसान बी."

त्या दिवशी कागलकडच्या एका शेतकऱ्याचा गूळ विकायचा होता. आभाळ भरून आलेलं, ढेपा पाझरायला लागलेल्या. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. तो शेतकरी रडकुंडीला आला. अण्णांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि खोकत, दम खात ते तसेच बसून राहिले. अखेर एका लहान व्यापाऱ्यानं पुढं होऊन मोठ्यानं भाव सांगितला. त्यावर दुसऱ्यानं चढा सांगितला. शेतकऱ्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्यानं पुन्हा बोलायला लावलं.

उन्हाळा लागायच्या आत अण्णा गेले. बाकीचा बाजार जुन्याच वाटेनं चालला होता, मीसुद्धा. पुढं एकदा माझ्याच दुकानात खरेदीदारानं सवयीनं माझ्या हातावर रुमाल टाकला. गुळाचा मालक, एक म्हातारा, पुढं सरकला आणि शांतपणे त्याला म्हणाला, "पावणं, माझा गूळ हाय. मला ऐकू येईल असं बोला की."